गाडी विकायची ठरली, पण द्यायची कोणाला?

(जुन्या गाड्यांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना या सदरात उत्तरं देतात एस.टी.च्या कार्यशाळेतून प्रमुख कारागीर म्हणून निवृत्त झालेले, सध्या चिपळूणला राहणारे आमचे सदरलेखक.)

प्रश्न : सप्रेम नमस्कार. सहकारी बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं गुहागर तालुक्यातल्या मूळ घरी राहायला आलो. येताना १९७३ची फियाट बरोबर आणली. माझ्या मामांनी ती मुंबईत नवी घेतली होती. त्यांच्या माघारी परळला एका आवारात ताडपत्रीखाली पडून होती. नोकरीत असताना मी ती जमेल तशी, टप्प्याटप्प्याने पूर्ण करून घेतली. सडलेला पत्रा कापून नवा मारला, इंजिन बोअर केलं, सीटा नव्याने शिवल्या, रंग मूळचाच दिला. कुर्ल्याच्या बाजारात फिरून फिरून सुटे भाग गोळा केले. आजही चोक ओढला की दुसऱ्या सेल्फला चालू होते.

आता अडचण अशी, की माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. क्लच दाबत घाट चढणं होत नाही. घरापर्यंत पाखाडी (पायऱ्यांची वाट) असल्यामुळे गाडी खाली रस्त्यालगतच्या मांगरात, म्हणजे शेताकडच्या खोपटात, उभी असते. समुद्र तिथून हाकेवर. मुलगा पुण्याला, त्याच्याकडे पार्किंग एकच आणि त्यात त्याची ऑटोमॅटिक. मुलगी परदेशात. सौ. म्हणते, "तुम्ही ती चालवत नाही, नुसती पुसता."

तीन गिऱ्हाइकं आली आहेत. गणपतीपुळ्याकडचा एक रिसॉर्टवाला साडेतीन लाख रोख द्यायला तयार आहे, त्याला ती फाटकापाशी शोभेला उभी करायची आहे. लग्नासाठी सजवलेल्या गाड्या भाड्याने देणारे एकजण सव्वातीनपर्यंत आले. तिसरा शृंगारतळीचा तिशीतला मेकॅनिक. त्याने तासभर इंजिन ऐकलं, गाडीखाली झोपून पाहिलं, आणि दोन लाख दहा हजार म्हणाला, तेही दोन हप्त्यांत. तिघांत कोणाला द्यावी? 'विंटेज' म्हणून नोंदणी करून विकली तर भाव जास्त येतो असं एक परिचित सांगतात, ते खरं का? माझ्या नावावरच्या आर.सी.ची (नोंदणी पुस्तकाची) मुदत लवकरच संपते आहे, तिचं काय करावं? आणि मनापासून विचारतो, विकावी का?

— एक निवृत्त बँक अधिकारी, गुहागर तालुका

उत्तर : साहेब, तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो. विका. आणि पाऊस लागायच्या आत विका.

मांगराबद्दल तुम्ही एक ओळ लिहून पुढे गेलात, पण माझं वाचन तिथेच अडकलं. तुमच्या फियाटला ट्रकसारखी वेगळी चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही. बॉडी हीच तिची चासी. दारांखालच्या पोकळ पट्ट्या, तळाचा पत्रा, पुढचे-मागचे बॉक्स, सगळा भार यांच्यावर. खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेलं मीठ या पोकळ जागांत जाऊन बसतं आणि हवेतला दमटपणा धरून ठेवतं. बाहेर कडक ऊन असलं तरी आतला पत्रा ओलाच राहतो. गंज आतून बाहेर येतो. रंगाखाली फोड दिसला तेव्हा आतला निम्मा पत्रा गेलेला असतो. तुमचं फडकं तिथपर्यंत पोचत नाही. वहिनींनी बरोबर ओळखलं आहे.

गाडी चालती असली की ती स्वतःला वाळवते. इंजिनाची ऊब असते, खालून वारा जातो, ब्रेक तापतात. उभ्या गाडीचं आपल्याकडच्या पावसाळ्यात काय होतं ते मी गॅरेजात बघत आलो आहे. क्लचप्लेट फ्लायव्हीलला चिकटते. ब्रेकच्या व्हील सिलिंडरमधले पिस्टन जाम होतात. अर्ध्या टाकीत वरच्या बाजूने गंजाचे पापुद्रे सुटतात आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. वायरिंगची काळजी उंदीर घेतात. त्यात कोणी प्रेमाने वरून प्लास्टिकचा कागद टाकला की संपलंच, वाफ आत कोंडून राहते.

म्हणजे प्रश्न प्रेमाचा नाहीच. तुम्ही इतकी वर्षं जी गाडी उभी केलीत ती चालणारी गाडी होती. चालवणारा पाय तुमचा नाही, मुलाचाही नाही, तर तो दुसऱ्या कोणाचा शोधायचा. जाता जाता एक सांगतो. आमच्या या सदराला गाडी विकताना हमखास मुलीच्या पाठवणीची उपमा देणारी पत्रं येतात. मला ती अजिबात पटत नाही. मुलगी स्वतःच्या पायांनी जाते आणि गेल्यावर फोन करते. गाडीला कुठे नेतात, कशी ठेवतात, यात तिला काही म्हणता येत नाही. म्हणून गिऱ्हाईक आपणच तपासायचं.

रिसॉर्टवाल्याला नाही म्हणा. फाटकापाशी, उघड्यावर, समुद्राकडे तोंड करून उभी केलेली फियाट म्हणजे तिथे मोठी कुंडी ठेवल्यासारखी. लोक बॉनेटवर बसून फोटो काढणार. बॅटरी पहिल्या महिन्यात उतरणार आणि ती पुन्हा कोणी चार्ज करणार नाही. शिवाय साडेतीन लाख रोख! तुम्हा बँकवाल्यांना मी काय सांगावं, पण इतर वाचकांसाठी लिहितो. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही. दंड होतो तो घेणाऱ्याला, आणि घेतलेल्या रकमेएवढा होऊ शकतो. खासगी वापराच्या गाडीच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, कारण ती व्यक्तिगत वापराची वस्तू धरली जाते. मग लपवाछपवी करायची कशाला? चेक किंवा बँकेतून पाठवलेले पैसे घ्यायचे आणि निवांत झोपायचं.

लग्नवाल्यांचा भाव चांगला आहे, माणूसही वाईट नसेल. पण खासगी पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने फिरवता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. आणि वरात म्हणजे काय असतं? पहिल्या गिअरात, अर्ध्या क्लचवर, बँडच्या मागे, मे महिन्यात. या गाडीचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन हळू चाललं की पंखाही हळू. रेडिएटर उकळणार आणि कोणीतरी हेड गास्केट उडेपर्यंत तशीच चालवत राहणार. झेंडूची फुलं काढली की त्यांच्या पाण्याचे डाग बॉनेटवर राहतात, ते वेगळंच.

राहिला शृंगारतळीचा मुलगा. माझं मत त्याच्या बाजूने आहे, आणि तो आमच्याच धंद्यातला आहे म्हणून नव्हे. तासभर इंजिन ऐकणारा माणूस ते ऐकायला शिकलेला असतो. गाडीखाली झोपून पाहिलं म्हणजे त्याला कुठे बघायचं हेही ठाऊक आहे. आणि एवढं बघून घासाघीस न करता त्याने एक आकडा सांगितला. तो आकडा मला थोडा कमी वाटतो. तुम्ही दोन चाळीस म्हणा, तो दोन पंचवीसवर येईल, तिथे हात मिळवा. तुम्ही गाडीत घातलेले पैसे तुम्हाला कोणीच परत देणार नाही. डेंटिंग-पेंटिंगची मजुरी, कुर्ल्याला घातलेले शनिवार-रविवार, पार्सलची भाडी, ही बेरीज मनात असेल तर पुसून टाका. गिऱ्हाईक आज समोर उभ्या असलेल्या गाडीचे पैसे देतं.

एका बाबतीत मात्र तुमच्याकडे खरा माल आहे, आणि तुम्ही त्याचा उल्लेखही केलेला नाही. कुर्ल्याहून गोळा केलेले जे सुटे भाग वापरले गेले नाहीत, ते कुठे आहेत? १९७४ साली या गाडीचं नाव पद्मिनी झालं, पण १०८९ सी.सी.चं इंजिन आणि बरेचसे भाग तेच राहिले. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती इतकी वर्षं धावली, म्हणूनच तिचे सुटे भाग गल्लोगल्ली मिळत. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून उतरली. आता तो बाजार आटत जाणार. तुमच्या मांगरातल्या लाकडी खोक्यात दिव्याच्या काचा, किंगपिनचा सेट, पाण्याच्या पंपाचं किट असं काही असेल तर ते गाडीबरोबर द्या, पण यादी करून आणि किमतीत धरून. दोन चाळीस मागायला ते कारण पुरेसं आहे.

हप्त्यांचं असं करा. पहिला हप्ता इसार म्हणून घ्या आणि साधी इसारपावती लिहा. दुसरा हप्ता मेअखेर. तोवर गाडी, चावी आणि आर.सी. तुमच्याकडेच राहील. मधल्या काळात त्याला दर रविवारी मांगरात येऊ द्या. तुम्ही स्टुलावर बसा, त्याला हात घालू द्या. कोणता नट उलट्या आट्याचा आहे, चोक किती ओढायचा आणि कधी आत ढकलायचा, स्टिअरिंगवरचा गिअर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना कुठे अडतो, हे तुम्ही सांगितलं नाही तर त्याला ते कळायला भाग मोडावे लागतील.

याच काळात एक वही लिहून काढा. माझ्या दृष्टीने या सगळ्या विक्रीत ही वही सर्वांत महत्त्वाची आहे. पत्रा कुठे कुठे कापला, तिथे आतून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग) मारला होता की नाही, इंजिन कोणत्या साइजला बोअर केलं, पिस्टन कोणत्या साइजचे घातले, ब्रेकच्या नळ्या कधी बदलल्या, कोणता भाग दुसऱ्या गाडीचा बसवला आहे. दोषही लिहा. मागच्या काचेच्या रबरातून पाणी येतं का? डाव्या पाट्याचा (स्प्रिंगचा) आवाज आहे का? सगळं कागदावर येऊ द्या. खरेदीदार केलेलं काम आणि दोष दोन्ही बघून घेतो, आणि दोष आधी सांगितले की पुढे तुम्हाला रात्री फोन येत नाही. मामांनी गाडी घेतली तेव्हाचं पहिलं बिल तुमच्याकडे असेल तर ते ठेवून घ्यावंसं वाटेल. ठेवू नका. झेरॉक्स काढून घ्या, मूळ कागद गाडीबरोबर जाऊ दे.

आता 'विंटेज'. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून ही सोय केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेली, खासगी वापरातली, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार न केलेली गाडी त्यात बसते. १९७३ची तुमची गाडी वयाने बसते. नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षं. आधीपासून नोंद असलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच राहतो. पण अशी गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. धंद्यासाठी तर नाहीच. शृंगारतळीच्या मुलाला रविवारी आईला घेऊन वेळणेश्वरला जायचं असेल तर त्याला ही नोंदणी अडचणीची होईल. भाव वाढतो तो गाडीच्या पत्र्याने आणि कागदांच्या स्वच्छतेने. विंटेज करायची की नाही ते पुढच्या मालकाला ठरवू दे. तुम्ही २० हजार घालू नका.

त्याऐवजी साध्या आर.सी.चं नूतनीकरण विकण्याआधी करून घ्या. फॉर्म २५, गाडी आर.टी.ओ.त दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, मग पाच वर्षांची मुदत मिळते. मुदत संपलेल्या पुस्तकावर नाव बदलायला गेलात तर दोन्ही कामं एकमेकांत अडकतात. रत्नागिरीला जाण्याआधी तीन गोष्टी घरीच बघा. एक, गाडी संगणकावर दिसते का. जुनी हाताने लिहिलेली पुस्तकं अजून कित्येकदा चढवलेली नसतात, तेव्हा आधी बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते. दुसरं, पुस्तकात मामांच्या काळातल्या कर्जाचा बोजा राहून गेला आहे का. कर्ज फेडून जमाना झाला तरी शिक्का तसाच असतो आणि ऐन वेळी घात करतो. तिसरं, चासी नंबर. पत्रा नवा मारताना तो रंगाखाली बुजला असेल तर हलक्या हाताने साफ करा, पेन्सिलचा छाप स्पष्ट उठला पाहिजे. इंजिन नंबरही पुस्तकाशी जुळवून बघा.

विक्रीच्या दिवशी फॉर्म २९ आणि ३० दोघांच्या सह्यांनी भरा, विम्याची प्रत जोडा, आणि "तो करेल नंतर" म्हणून सोडून देऊ नका. विक्री झाल्याचं आर.टी.ओ.ला १४ दिवसांत कळवणं तुमचं काम आहे. पुस्तकावर ज्याचं नाव, अपघातात भरपाईची जबाबदारी त्याची, मग गाडी मधे कितीही हातांत फिरलेली असो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितलं आहे. नाव बदललेलं आर.सी. डोळ्यांनी बघेपर्यंत व्यवहार पुरा झाला असं समजू नका.

शेवटी एक आगाऊ सल्ला. "अधूनमधून चालवायला देशील ना" अशी अट त्याला घालू नका. तो हो म्हणेल, आणि मग त्याने सीट कव्हर बदललं तरी तुम्हाला ते खटकेल. त्याने आपणहून हाक मारली तर जा, शेजारच्या सीटवर बसा. तुमचा गुडघा त्याला तयार आहे. आणि रिकाम्या मांगराचं काय करायचं ते वहिनींना आजच विचारून ठेवा. त्यांचं बहुतेक ठरलेलं असणार. आमच्या घरी माझी जुनी मोटारसायकल गेली त्याच संध्याकाळी तिथे सरपण आणि नारळांची रास आली होती.

प्रश्न : मला जुनी फियाट किंवा पद्मिनी घ्यायची आहे. घेताना काय बघावं? मेकॅनिक सोबत नेणार आहे, पण स्वतःलाही थोडं कळावं असं वाटतं. शिवाय हल्लीचं पेट्रोल तिला चालेल का?

— एक तरुण वाचक, चिपळूण

उत्तर : खिशात एक लहान लोहचुंबक घेऊन जा. दारांखालच्या पट्टीवर, चाकांच्या कमानींवर, डिकीच्या तळाच्या कडांवर लावून बघ. चिकटलं नाही तर खाली पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. मग चारही दारं एकेक करून उघड-बंद कर. दार उचलून लावावं लागलं तर बिजागरी झिजलेली आहे, किंवा बॉडी बसली आहे. दुसरी शक्यता महागात पडते. पायाखालचं मॅटिंग उचलून तळ बघायला लाजू नकोस. मालक लाजला तर समजून घे.

आपल्या भागातली गाडी असेल तर आणखी एक तपासणी कर. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. त्यांतल्या काही धुऊन-पुसून पुढे विकल्या गेल्या असणारच. दाराच्या आतलं पॅड सोडवून मागे हात घाल, डॅशबोर्डच्या खाली आणि हेडलाइटच्या वाटीत टॉर्च मार. तिथे बारीक चिखलाची वाळलेली रेघ दिसली तर चहा पिऊन परत ये. गाडी दाभोळ-धोपावे फेरीबोटीने सारखी ये-जा करणारी असेल तर तळ जास्त काळजीने बघ. भरतीच्या वेळी बोटीवर चढताना-उतरताना खारं पाणी खालून लागतं, आणि घरी जाऊन गोड्या पाण्याने तळ धुणारा मालक विरळा.

इंजिन थंड असतानाच चालू करायला सांग. तू जाण्याआधीच त्याने तापवून ठेवलं असेल तर कारण विचार. निळा धूर म्हणजे रिंगा किंवा व्हॉल्व्हचे गाइड. ते काम होण्यासारखं आहे, त्याने घाबरू नकोस, किमतीतून वजा कर. ऑइलची कांडी काढून बघ. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी मिसळतंय.

पेट्रोलचं म्हणशील तर हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. चालते, पण इथेनॉल जुनं रबर फुगवतं, भेगाळतं, आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी घेतलीस की पहिल्याच आठवड्यात पेट्रोलचे रबरी पाइप, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरमधली रबरं इथेनॉल सोसणारी घालून घे. पाइप स्वस्त आहेत, पण जुना फुटला तर पेट्रोल गरम सायलेन्सरच्या नळीवर सांडतं. पावसाळ्यात चार महिने उभी ठेवायची असेल तर टाकी पूर्ण भर किंवा पूर्ण रिकामी कर, अर्धी ठेवू नकोस. गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) चढवून चाकं उचलून ठेव, हँडब्रेक मोकळा सोड आणि बॅटरीची एक वायर काढून टाक.